आठवीच्या वर्गात युग्लीनाची हुतूतू: जीवशास्त्र खेळातून शिकवताना

लेखिका: रानजाई

नमस्कार मंडळी,

गेली तीन वर्षं मी महिन्यातले दोन शनिवार मावळातल्या एका शाळेत जाते. नोकरी पुण्यात, प्रयोगशाळेत. काम यीस्टच्या पेशींवर. माझी मावसबहीण त्या शाळेत शिकवते. तिच्या सांगण्यावरून २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, पहिल्यांदा गेले. पेशी या विषयावर चाळीस मिनिटं बोलले, पडद्यावर चित्रं दाखवली. मुलं हाताची घडी घालून ऐकत होती. शेवटी एका मुलीने विचारलं, "मॅडम, पेशी हलते का?"

हलते, असं मी म्हणाले आणि पुन्हा एक चित्र दाखवलं. परतीच्या एसटीत तो प्रश्न डोक्यातून जाईना. ज्या गोष्टीसाठी मी या क्षेत्रात आले, तीच गोष्ट तिने विचारली होती आणि मी तिला एक स्थिर चित्र देऊन आले होते.

त्याच सुमारास इंगमार रीडेल-क्रूझ या शास्त्रज्ञाचं काम वाचनात आलं. २०११ साली स्टॅनफर्डला असताना त्याच्या गटाने जिवंत सूक्ष्मजीवांबरोबर खेळायचे खेळ तयार केले. पॅरामेशियम असलेल्या पाण्यातून अगदी सौम्य वीज सोडली की ते ऋण टोकाकडे पोहू लागतं. मुलाच्या हातात व्हिडिओ गेमसारखं बटण, पडद्यावर खरं पॅरामेशियम. पुढे २०१६ मध्ये त्यांनी मोबाइलला जोडायचा एक छोटा सूक्ष्मदर्शक केला. मध्ये युग्लीना या हिरव्या, एकपेशीय सूक्ष्मजीवाचं पाणी, चार बाजूंना चार दिवे आणि एक दांडा. दांडा ज्या बाजूला वळवाल तिकडचा दिवा लागतो आणि युग्लीना त्या तीव्र प्रकाशापासून दूर वळते.

दांडा, दिवे, सर्किट हे काही माझ्याजवळ नव्हतं. फोल्डस्कोप होता. मनू प्रकाश यांच्या गटाचा हा कागदाचा सूक्ष्मदर्शक, साधारण १४० पट मोठं दाखवणारा. युग्लीनाची लांबी मिलिमीटरचा विसावा भाग धरा, म्हणजे तेवढ्यात ती छान दिसते. गावाबाहेर म्हशी डुंबतात त्या डबक्यातलं हिरवं पाणी मुलांनीच आणलं. शेणामुताचं, साचलेलं पाणी तिला मानवतं. पहिल्या थेंबात नुसतं शेवाळ. चौथ्या थेंबात हिरव्या, लांबट, एका टोकाला लाल ठिपका असलेल्या वीसेक युग्लीना दिसल्या आणि वर्गात जो ओरडा झाला तो ऐकून शेजारच्या वर्गातले सर बघायला आले.

पण खेळ काही जमेना. आम्ही खोली अंधारी केली, एका बाजूने टॉर्च मारला. युग्लीना आपल्या मनाला येईल तिकडे. दोन शनिवार असेच गेले. मग लक्षात आलं की आम्ही बघण्यासाठी खालून जो दिवा लावत होतो, त्याचाच उजेड त्यांना पुरेपूर मिळत होता. तो लाल केला पाहिजे, कारण युग्लीनाला निळा प्रकाश कळतो, लाल जवळजवळ कळतच नाही. तिचं प्रकाश ओळखणारं प्रथिन निळ्या प्रकाशावर चालतं, हे २००२ साली जपानी संशोधकांनी दाखवलं आहे. मला हे माहीत होतं. मी मुलांना सांगितलं मात्र नाही. स्नेहसंमेलनाच्या सजावटीतून उरलेले जिलेटीनचे रंगीत कागद टेबलावर ठेवले आणि म्हणाले, बघा काय करता येतं ते.

तिसऱ्या गटाने खालच्या दिव्याला लाल कागद लावला आणि टॉर्चला निळा. मोबाइलवर पारदर्शक प्लॅस्टिक चिकटवून त्यावर स्केचपेनने मध्यरेषा मारलेली होती. टॉर्च लागला आणि पाच-सात सेकंदांत एकामागून एक युग्लीना वळायला लागल्या. मुलांनी त्या खेळाला लगेच नाव दिलं: युग्लीनाची हुतूतू. दोन संघ, दोन टॉर्च, दोन मिनिटं. आलटून पालटून टॉर्च मारायचा आणि आपल्या प्रकाशाने जास्तीत जास्त युग्लीना रेषेपार घालवायच्या. युग्लीना सेकंदाला जवळजवळ स्वतःच्या लांबीइतकं अंतर पोहते, त्यामुळे दोन मिनिटं पुरतात.

मला ज्याबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे ते इथून सुरू होतं. बाजारात "खेळातून विज्ञान" म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं मी विकत घेऊन पाहिलं. फासा टाका, सोंगटी पुढे सरकवा, पत्ता उचला, "तंतुकणिकेचं कार्य काय?" बरोबर उत्तर दिलं तर दोन घरं पुढे. ही तोंडी परीक्षाच आहे, फक्त फासा जोडलेला. त्या खेळात तंतुकणिकेच्या जागी शिवाजी महाराजांचे किल्ले घातले तरी खेळात काही फरक पडत नाही. हुतूतूत फरक पडतो. तिथला नियम मी केलेला नाही, तो युग्लीनाचा आहे. लाल टॉर्च घेऊन खेळणारा संघ हरतो आणि का हरतो ते त्यालाच शोधावं लागतं.

आपल्याकडे ही समज जुनी आहे. मोक्षपटाचं श्रेय परंपरेने ज्ञानेश्वरांना दिलं जातं. त्यात शिडी सद्गुणाची आणि साप दुर्गुणाचा. जे शिकवायचं तेच पटाच्या रचनेत आहे, ते वेगळ्या पत्त्यावर लिहून वाचायचं नाही.

तुमच्यापैकी कोणी शाळेत, शिबिरात, घरी असं काही करून पाहिलंय का? काय जमलं, काय फसलं, दोन्ही लिहा.

---

गावमास्तर

ताई, धागा दोनदा वाचला. मी जिल्हा परिषदेच्या नोकरीतून पुढे अनुदानित शाळेत आलो. आठवी-नववीला विज्ञान शिकवतो. एका तुकडीत ५८ मुलं, तास ३५ मिनिटांचा, त्यातली पाच हजेरीत जातात. फोल्डस्कोप एक असेल तर ५८ मुलांची पाळी यायला दोन तास लागतील. म्हणून मी अशा खेळांच्या मागे असतो ज्यात सगळी मुलं एकाच वेळी खेळतील आणि खर्च जवळजवळ शून्य असेल.

माझा एक खेळ सांगतो. संसर्गजन्य रोगांचा धडा आला की प्रत्येकाला कागदी कपात थोडं पाणी. एकाच्या कपात धुण्याचा सोडा विरघळवलेला, पण तो कोण हे त्यालाही माहीत नाही. मुलांनी वर्गात फिरायचं, कोणाही एकाला गाठायचं, एकाचं सगळं पाणी दुसऱ्याच्या कपात ओतून मिसळायचं आणि परत निम्मं निम्मं करायचं. असं चार वेळा, दर वेळी नवा जोडीदार. कोणाला भेटलो ते क्रमाने वहीत लिहायचं. शेवटी मी प्रत्येक कपात हळदीच्या पाण्याचे थेंब टाकतो. सोडा पोहोचला असेल तिथे पिवळ्याचं लाल होतं. मुलींना ते लगेच ओळखीचं वाटतं, कारण हळदीत चुना मिसळला की कुंकवाचा रंग येतो हे घरी पाहिलेलं असतं.

एकापासून सुरुवात होऊन चार फेऱ्यांत जास्तीत जास्त सोळा कप लाल होतात. फळ्यावर २, ४, ८, १६ लिहिलं की मुलांचे चेहरे बदलतात. करोनाच्या दिवसांत टीव्हीवर जे आकडे ऐकले होते त्यांचा अर्थ तेव्हा लागतो.

खरी मजा पुढची. वह्या एकत्र करून पहिला कोण ते शोधायचं. मुलं अगदी पोलिसांसारखी तपास करतात आणि शेवटी दोन नावांवर येऊन अडकतात. पहिल्या फेरीत जे दोघे भेटले त्यांच्यापैकी कोणाकडे आधी सोडा होता, हे वह्यांवरून कधीच कळत नाही. गेल्या वर्षी एक मुलगा म्हणाला, "सर, खेळ सुरू व्हायच्या आधीच प्रत्येकाचं थोडं पाणी बाजूला काढून ठेवायला हवं होतं." रक्ताचा नमुना जपून का ठेवतात, हे त्याला पुस्तकाने सांगितलेलं नव्हतं.

सोडा पातळच ठेवा, हात धुवायला लावा, डोळ्यांजवळ नेऊ देऊ नका.

---

सोनचाफा

किती सुंदर! रानजाई, फोटो टाका ना.

---

रानजाई

सोनचाफा, मुलांचे फोटो टाकणार नाही, पालकांची परवानगी त्यासाठी घेतलेली नाही. युग्लीनाचा व्हिडिओ आहे, तो चढवते.

गावमास्तर, तुमचा सोड्याचा खेळ मी उचलणार आहे. पाणी बाजूला काढून ठेवण्याची कल्पना तर मी आमच्या प्रयोगशाळेतल्या नव्या विद्यार्थ्यांनाही सांगेन. पाळीच्या अडचणीवर एक उपाय आहे, त्यात सूक्ष्मदर्शक लागत नाही. युग्लीनाने दाट हिरवं झालेलं पाणी काचेच्या बाटलीत भरा, बाटली काळ्या कागदात गुंडाळा आणि कागदाला एक खिडकी कापा. चांदणी, अक्षर, काहीही. खिडकीवर मंद उजेड येऊ द्या. काही तासांनी बाटली न हलवता कागद काढलात तर काचेच्या आत त्याच आकाराचा हिरवा डाग जमलेला दिसतो. मंद प्रकाशाकडे त्या येतात, तीव्र प्रकाशापासून पळतात. प्रत्येक बाकाला एक बाटली देता येईल.

---

दूरदेशी

मी जर्मनीत असतो, मुलगी सहावीत. तिच्या टॅबवर जीवशास्त्राचे भरपूर खेळ आहेत आणि ती तासन्‌तास खेळते. तुमच्या कसोटीवर यातले बहुतेक नापास होतील असं वाटतं. मग पडद्यावरचा खेळ टाकाऊच समजायचा का? इथे डबकं सापडणं तसं सोपं नाही.

---

रानजाई

मुळीच नाही. प्रथिनांच्या घड्या घालायचा फोल्डइट हा खेळ पूर्ण पडद्यावरचा आहे. २००८ साली वॉशिंग्टन विद्यापीठातून तो सुरू झाला. प्रथिनाची साखळी कशी दुमडली तर सगळ्यात स्थिर बसेल, हे खेळणाऱ्याने हाताने ओढून-वळवून शोधायचं आणि त्यावर गुण. माकडांमधल्या, एड्ससारखा आजार करणाऱ्या एका विषाणूच्या विकराची (एन्झाइमची) रचना संशोधकांना बरीच वर्षं सुटत नव्हती. २०११ मध्ये या खेळाडूंनी ती तीन आठवड्यांच्या आत सोडवली, आणि त्यातल्या बहुतेकांचं जीवरसायनशास्त्राचं शिक्षण झालेलं नव्हतं. तिथे गुण देणारा नियम हा खऱ्या रेणूंचाच नियम आहे, म्हणून ते शक्य झालं.

मुलीच्या खेळाबद्दल तिलाच एक विचारून बघा: "यातला एखादा नियम बदलला तर काय होईल?" उत्तर द्यायला तिला जीवशास्त्राचा विचार करावा लागला तर खेळ चांगला. आणि डबकं नसलं तरी फुलदाणीतलं आठवडाभर शिळं झालेलं पाणी चालतं. त्यात युग्लीना नसेल, पण पळणारं काहीतरी नक्की मिळेल.

---

वैनगंगा

मी विदर्भात ग्रामीण भागात डॉक्टर आहे. बहुतेक मराठी वाचकांना जवळून माहीत नसलेल्या गोष्टीवर लिहितो, थोडं लांबेल.

आमच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदलतं आणि प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. आई-वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसून दोन प्रतींपैकी एकच बदललेली असेल, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. हे वाक्य मी शेकडो जोडप्यांना सांगितलं आहे आणि बहुतेकांनी त्याचा अर्थ असा घेतला की चार मुलं झाली तर एकाला होणार. पहिलं आजारी निघालं की उरलेली तिघं सुटली, असा दिलासा लोक स्वतःला देतात. तो गैरसमज फार महागात पडतो.

एका आश्रमशाळेत मी चिंचोक्यांनी हा खेळ सुरू केला. चिंचोका फोडला की एक बाजू पांढरी, एक तपकिरी. आपल्याकडे सोंगट्यांच्या खेळात फासे म्हणून वापरतात तेच. एक फोड आईची, एक वडिलांची. दोन्ही तपकिरी पडल्या तर ते मूल आजारी, एक तपकिरी तर वाहक, दोन्ही पांढऱ्या तर निरोगी. प्रत्येक जोडीने चार वेळा टाकायचं, म्हणजे चार मुलांचं घर. मग फळ्यावर सगळ्या घरांचा हिशोब. कोणाच्या घरात एकही आजारी नाही, कोणाच्या घरात दोन. गणिताने शंभरातल्या एकतीस-बत्तीस घरांत चारही मुलं आजारातून सुटलेली असतात, आणि तरीही पाचव्या वेळी शक्यता चारात एकच राहते. चिंचोक्याला आधीचं काही आठवत नाही, असं एक मुलगी म्हणाली. आता जोडप्यांना समजावताना मी तिचंच वाक्य वापरतो.

पण एक अडचण मुलांनीच काढली. नववीतला एक मुलगा म्हणाला, तपकिरी बाजू जास्त पडते. आम्ही शंभर वेळा टाकून मोजलं. खरंच जास्त पडत होती. फोडीची एक बाजू सपाट आणि एक फुगीर, मग ती पन्नास-पन्नास का पडेल? त्या दिवसापासून आम्ही रुपयाच्या नाण्याने छापा-काटा करतो. चिंचोके मात्र मुद्दाम आधी देतो आणि कोणी शंका घेतो का, याची वाट बघतो.

आता काळजीची गोष्ट. पहिल्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी हाच खेळ चालू असताना एका मुलाने वर्गातल्या मुलीकडे बोट दाखवलं, "हिला आहे." ती उठून बाहेर गेली. पुढचे आठ दिवस शाळेत आली नाही. मी तिच्या घरी जाऊन आलो, पण ते शब्द परत घेता येत नाहीत. तेव्हापासून माझा नियम आहे: घरातल्या कोणाबद्दल विचारायचं नाही, खेळातलं गाव काल्पनिक ठेवायचं, आणि खेळाचा पुढचा भाग वगळायचा नाही. त्या भागात गावात हिवताप येतो. वाहकांना गंभीर हिवतापापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं, हे ॲलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून मांडलं. वाटीतले मणी पिढ्यान्‌पिढ्या काढत-घालत मुलं बघतात, की हिवताप असलेल्या गावात तपकिरी मणी संपत नाहीत. हा आजार कोणाचं पाप नाही, पूर्वजांना जगवणाऱ्या एका गुणाची ही दुसरी बाजू आहे, हे तेव्हा दिसतं. ती मुलगी पुढच्या वर्षी याच भागात माझ्या मदतीला उभी होती.

---

सोनचाफा

डॉक्टर, वाचून डोळ्यांत पाणी आलं.

---

पारंबी

मी वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालो. वय ७१. रानजाईताईंचा उपक्रम मनापासून आवडला, म्हणूनच दोन गोष्टी स्पष्ट लिहितो.

एक. मूळ लेखात "लाल ठिपका" म्हटलंय तो डोळा आहे असं मुलांना वाटेल. तो नेत्रबिंदू स्वतः प्रकाश ओळखत नाही, तो सावली पाडतो. कशाभिकेच्या (पोहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या शेपटीसारख्या धाग्याच्या) मुळाशी एक फुगवटा असतो, प्रकाश तिथे ओळखला जातो. पोहताना युग्लीना स्वतःभोवती फिरते, त्यामुळे ठिपक्याची सावली त्या फुगवट्यावर पडते आणि सरते. त्यावरून उजेड कुठून येतोय ते कळतं. हे मुलांना अंगणात करायला लावा. डोळे मिटून उन्हात गोल फिरायचं, एका कानाजवळ पुठ्ठा धरायचा आणि गालावरच्या उन्हावरून सूर्याची दिशा सांगायची. हाही खेळच.

दोन. खेळानंतर चित्र काढून घेता का? आमच्या वेळी पेन्सिलने चित्र काढल्याशिवाय सूक्ष्मदर्शकावरून उठू देत नसत. हुतूतूच्या नादात कोण जिंकलं एवढंच मुलांच्या लक्षात राहायची भीती आहे.

---

रानजाई

सर, पहिल्या मुद्द्याबद्दल मनापासून आभार. पुठ्ठ्याचा खेळ येत्या शनिवारीच करते.

दुसरा मुद्दा अगदी खरा आहे आणि त्याची किंमत मी मोजली आहे. पहिल्या वर्षी खेळ झाला की घंटा व्हायची आणि मुलं गुणांवरून भांडत बाहेर जायची. महिन्याभराने विचारलं तेव्हा निकाल सगळ्यांना पाठ होता, निळा प्रकाश फार थोड्यांना आठवला. आता मी खेळ दहा मिनिटांचा केलाय आणि नंतरची वीस मिनिटं दुसऱ्या कशालाही देत नाही. आधी चित्र. मग प्रत्येक गटाने सांगायचं, की पुढच्या वेळी कोणता एक नियम बदलणार आणि काय होईल असं वाटतं. ते फळ्यावर लिहून ठेवायचं आणि पुढच्या शनिवारी तेच करून बघायचं. गुण मोजणं दुसऱ्या वर्षापासून बंद केलं, कोणी तक्रारही केली नाही.

एक राहिलं. या जिवांशी खेळणं बरोबर आहे का, असा प्रश्न मुलींनी काढला होता. युग्लीनाला चेतासंस्था नाही, दुखणं आपल्याला होतं तसं तिला होत नाही, हे सांगितलं. चर्चा झाली आणि मुलांनी स्वतःच ठरवलं की काचपट्टीवरचा थेंब पुसून टाकायचा नाही, परत बाटलीत सोडायचा आणि संध्याकाळी बाटली डबक्यात. तेव्हापासून तसंच चालतं.

---

गावमास्तर

तीन आठवड्यांनी परत लिहितोय. ताईंची बाटलीची युक्ती केली. अकरा बाटल्या, त्यातल्या सात चालल्या. चारांत युग्लीना नसून नुसतं शेवाळ असावं. आठवीच्या पहिल्याच धड्यात सूक्ष्मजीवांचं वर्गीकरण आहे, ते या वेळी फळ्याऐवजी बाटल्यांवरून शिकवलं.

एक विचारायचं आहे. माझा एक विद्यार्थी बाटली घरी घेऊन गेला. दिवसभर काळ्या पेटीत ठेवायचा आणि मग खिडकीवर टॉर्च लावून दोन तास थांबायचा. दुपारी बारा वाजता केलं तर डाग छान येतो. रात्री दहाला केलं तर अगदी फिकट येतो, कधी येतच नाही. बाटली तीच, टॉर्च तोच, सेलही नवे घालून बघितले. तो विचारतोय, "सर, पेटीच्या आत अंधारात त्यांना रात्र झाली हे कसं कळतं?" काय सांगू?

---

रानजाई

मास्तर, हे वाचून मी खुर्चीतून उठले. त्या मुलाला जे दिसलं ते खरं आहे. युग्लीनाच्या आत घड्याळ असतं. सतत अंधारात ठेवलं तरी प्रकाशाकडे जाण्याची तिची ओढ दिवसा वाढते आणि रात्री कमी होते. प्रिन्स्टनमध्ये ब्रूस आणि पिटेंड्राय यांनी १९५६ साली यावर लिहिलंय, की तापमान बदललं तरी हे एका पेशीचं घड्याळ जवळजवळ तेवढंच चालतं.

पण हे त्याला इतक्यात सांगू नका. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री दहा अशा चार वेळा आणखी तीन दिवस करायला सांगा. डागाचा गडदपणा ठरवायला फिकट ते गडद अशी पाच हिरव्या रंगांची पट्टी त्यानेच रंगवून घ्यावी. डाग बघणाऱ्याला वेळ माहीत नसावी, म्हणजे बघायला बहिणीला बसवावं आणि घड्याळ झाकून ठेवावं. वही झाली की मला कळवा, मी येते. त्या शनिवारी मावळाऐवजी तुमच्या शाळेत.